आईलाच दोष देणारा भाऊ

प्रश्न : वडील गेल्यानंतर आई साताऱ्यात माझ्या घराजवळ एकटी राहते. तिची औषधे, दवाखाना, बँकेची कामे मीच पाहते. थोरला भाऊ पुण्यात असूनही वर्षातून एकदा, गणपतीला तेवढा येतो. पूर्वी तो ‘रजा मिळत नाही’ म्हणायचा. आता ‘आई हेकट आहे, मी येऊन काय करू?’ असे सगळ्या नातेवाइकांना सांगतो. दादा जाणूनबुजून खोटे बोलत असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती सबबीची बदललेली दिशा. आधी दोष रजेला होता, आता तो आईवर आला आहे. दादा बहुधा खोटे बोलत नसावेत. जे सांगतात ते त्यांना स्वतःला खरे वाटू लागले असावे, आणि म्हणूनच त्यांची समजूत घालणे अधिक अवघड आहे.

आपले वागणे आणि आपल्या धारणा यांत विसंगती आली की माणूस अस्वस्थ होतो, आणि घडलेले वागणे पुसता येत नसल्यामुळे तो धारणाच बदलतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडले. ‘मी भला माणूस आहे’ या प्रतिमेला तडा जातो तेव्हा ही अस्वस्थता सर्वाधिक असते, अशी भर त्यांचे विद्यार्थी एलियट ॲरनसन यांनी घातली. ‘मी चांगला मुलगा आहे’ आणि ‘मी आईकडे जात नाही’ या दोन गोष्टी एका मनात नांदू शकत नाहीत. ‘आईच तशी आहे’ म्हटले की दोन्ही नांदतात. म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो, त्याचीच किंमत अन्याय करणाऱ्याच्या मनात कमी होत जाते. मला स्वतःला या साऱ्या प्रक्रियेतला हाच भाग सर्वांत क्लेशकारक वाटतो.

कीथ डेव्हिस आणि एडवर्ड जोन्स यांच्या १९६० मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याला त्याच्याविषयीचा कठोर अभिप्राय वाचून दाखवायचा होता. ज्यांनी तो आपखुशीने वाचला आणि ज्यांना नंतर भेटून खुलासा करण्याची संधी नव्हती, त्यांचे त्या विद्यार्थ्याविषयीचे मत सर्वाधिक खालावले. भरपाईची वाट मोकळी असेल तर दुसऱ्याला नावे ठेवण्याची गरज उरत नाही, असा अर्थ मी यातून घेते.

म्हणून नातेवाइकांसमोर दादांच्या चुकांचा हिशेब मांडू नका, कारण त्याने त्यांचे समर्थन अधिकच पक्के होईल. त्यांना एकट्याने गाठून एक ठरावीक काम सोपवा : दर महिन्याला आईला तपासणीसाठी नेणे, किंवा औषधे आणि बिले सांभाळणे. मागच्या वर्षांचा विषय त्या वेळी काढू नका. मात्र तुमच्यावर किती भार पडतो, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. दादांचे मन समजून घेणे म्हणजे त्यांना मोकळे सोडणे नव्हे. त्यांनी कामाला नकार दिला, तर पगारी मदतनीस ठेवून तिच्या खर्चातील त्यांचा वाटा मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.