पस्तीस हजारांसाठी केस सोडू नका

देवळालीच्या तोफखान्यातून २०२२ साली हवालदार म्हणून निवृत्त झालेले भगूरचे एक वाचक विचारतात: रक्तदाबामुळे मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहिलं, पण ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणून डिसेबिलिटी पेन्शन नाकारली. दोन्ही अपिलं फेटाळली गेली. २०२३ पासून केस सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात आहे. वकील आणखी ३५ हजार मागतात, मुलीची इंजिनीअरिंगची फी तोंडावर आहे. केस मागे घेऊ का?

भाऊ, आधी कागद-पेन घ्या. तुमचा शेवटचा पगार, मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेचा जादा पगार) धरून, ४० हजार. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे १२ हजार. तुमच्या ३० टक्क्यांना ३,६०० झाले असते, पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरतात. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात मान्य केलं. म्हणजे महिना ६ हजार, वर दर सहा महिन्यांनी वाढणारा महागाई दिलासा. वकिलाचे ३५ हजार सहा महिन्यांत वसूल.

निकाल तुमच्याच बाजूने लागेल, असं मी म्हणणार नाही. भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं धरावं, हे २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाने सांगितलं. तुमची बाजू कच्ची नाही. पण जिंकलात तरी सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं.

आता केस मागे घेतलीत आणि चार वर्षांनी परत गेलात, तर थकबाकी साधारणपणे नव्या अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. पुन्हा दाखल करायची मुभा मागितली नसेल तर दारच बंद व्हायची भीती. अर्जात तांत्रिक खोट निघाली, तर मुभा राखून मागे घेणं वेगळं. पैशाच्या चणचणीपायी नको.

केस हरलात तर चालू पेन्शन कापतील, असं कुणीतरी तुमच्या कानात घातलंय. सर्व्हिस पेन्शन वेगळी आहे, ती या केसवर अवलंबून नाही. आणि दर तारखेला पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायचीही गरज नसते. वकील हजर असले की बहुतेक वेळा भागतं.

वकिलांना हप्ते पाडून द्यायला सांगा, कशाकशाचे किती ते लिहून घ्या. ‘मिळतील त्यातले वीस टक्के’ असा सौदा करू नका. वकिलांना तशी फी घ्यायला नियमानेच बंदी आहे.

मुलीच्या फीसाठी या थकबाकीवर एक पैसाही धरू नका. मुलगी पहिल्या वर्षाला असेल आणि बारावीला ६० टक्क्यांवर असेल, तर माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. मुलींना महिना ३ हजार मिळतात. निवड गुणांवर होते, म्हणून खात्री नाही. कागदपत्रं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याच आठवड्यात जाऊन या. तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज काढा.