प्रश्न तुमचे : नव्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स?

प्रश्न : मी नुकताच कॅनन ईओएस आर५० हा कॅमेरा १८-४५ मिमी लेन्ससह घेतला आहे. जत्रांच्या हंगामात आमच्याकडे रात्रभर दशावतारी नाटके होतात आणि मला मुख्यतः त्यांचीच छायाचित्रे काढायची आहेत. परंतु चित्रांत नट पुसट येतात, किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवला तर चित्र फार दाणेदार होते. दुकानदार ५५-२१० मिमीची लेन्स घ्या म्हणतो, तर मित्र ५० मिमीची सुचवतो. खर्च एकाच लेन्सचा झेपणार आहे. कोणती घ्यावी? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : नट लांब दिसतात अशी आपली तक्रार नाही, ते पुसट येतात अशी आहे, म्हणजे आपल्याला कमी पडतो आहे तो प्रकाश, पल्ला नव्हे. आपल्याजवळची लेन्स ४५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूमवर, नेली की तिचे प्रकाश आत घेणारे मोठ्यात मोठे छिद्र एफ/६.३ इतकेच राहते. छिद्राचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. दुकानदाराने सुचवलेल्या लेन्सचे छिद्र ५५ मिमीला एफ/५ असते आणि २१० मिमीला पोहोचेपर्यंत ते एफ/७.१ होते. दिवसाउजेडी पक्षी किंवा मैदानावरचे सामने टिपण्यासाठी ती उपयोगाची आहे, पण रात्रीच्या रंगमंचासाठी ती घेणे म्हणजे आजचीच अडचण आणखी पैसे मोजून घरी आणणे होय.

मित्राने सुचवलेली आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स मात्र या कामाला योग्य आहे, आणि आरएफ माउंटच्या (आपल्या कॅमेऱ्यावरील लेन्सच्या बैठकीच्या) सर्वांत स्वस्त लेन्सपैकी ती एक आहे. आत येणारा प्रकाश छिद्राच्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ६.३ ला १.८ ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग केला तर उत्तर १२ च्या थोडे वर येते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या दृश्याला आपली आजची लेन्स १/२० सेकंद मागते, त्याच दृश्याला, त्याच आयएसओवर, ही लेन्स १/२५० सेकंदात उरकते. संवाद म्हणणारा राजा १/२० ला कदाचित साधेलही, पण युद्धाच्या प्रसंगात तलवार फिरवत गिरकी घेणारा नट साधणार नाही. स्वयंचलित फोकसलाही या जास्तीच्या प्रकाशाचा फायदा मिळतो. काळ्या वेषातला संकासुर समोर आला की अंधूक लेन्सवर कॅमेरा फोकससाठी चाचपडत राहतो.

येथे स्टॅबिलायझेशनबद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण विक्रीच्या वेळी त्याचाच सर्वाधिक उच्चार होतो. ही सोय आपल्या हाताची थरथर सावरते. समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. आपल्या १८-४५ मध्ये ती आहे, ५० मिमीमध्ये नाही आणि आर५० च्या बॉडीतही नाही. तरीही नटांसाठी शटर १/२०० च्या आसपास ठेवावेच लागणार असल्यामुळे तिची उणीव आपल्याला फारशी जाणवणार नाही.

खरा प्रश्न आहे तो चौकटीत किती मावेल याचा. आर५० चा सेन्सर सुमारे २२.३ मिमी रुंद आणि १४.९ मिमी उंच आहे, त्यामुळे ५० मिमीची लेन्स त्यावर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावरील ८० मिमीइतकाच अरुंद कोन दाखवते. पाच मीटरवरून कॅमेरा आडवा धरल्यास साधारण २.२ मीटर रुंदीचे दृश्य मावते. उभा धरल्यास मुकुटासह एक नट पूर्ण येतो, परंतु गणपती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी असे तिघे एकत्र हवे असतील तर मागे सरकावे लागेल, आणि जत्रेच्या गर्दीत मागे सरकायला जागा कुठून मिळणार? त्याच अंतरावरून ३५ मिमीच्या लेन्समध्ये सुमारे ३.२ मीटर रुंदी मावते. म्हणून पैसे देण्यापूर्वी आतापर्यंत काढलेली चित्रे संगणकावर उघडून प्रत्येक चित्र किती मिमीवर काढले आहे ते पाहावे. ही नोंद चित्राच्या फाइलमध्येच असते. बहुतेक चित्रे ४५ वर असतील आणि तरीही नंतर कडा कापाव्या लागल्या असतील, तर ५० मिमी निःशंकपणे घ्यावी. ती २५ ते ३५ च्या दरम्यान असतील, तर आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो आयएस एसटीएम अधिक सोयीची ठरेल. तिची किंमत बरीच जास्त आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि लहान वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची उमटेल इतक्या जवळून ती फोकस करते, त्यामुळे मुकुट आणि दागिने यांचे बारकावेही टिपता येतील.

झूमच हवी असल्यास सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ ही लेन्स २०२४ पासून आरएफ माउंटमध्ये मिळते. ४५ मिमीवर ती आपल्या लेन्सच्या सुमारे पाचपट प्रकाश घेते. लग्नसमारंभ, प्रवास आणि नाटक असे सगळे एकाच लेन्सवर करणाऱ्याला मी तीच सुचवेन. केवळ दशावतारासाठी नाही.

मोठ्या छिद्राची किंमतही लक्षात असू द्यावी. ५० मिमीवर एफ/१.८ ठेवल्यास पाच मीटरवर साधारण ७० सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, पण दोन मीटरवर ही खोली जेमतेम ११ सेंटिमीटर उरते. त्यामुळे मंचाच्या अगदी कडेला बसल्यास छिद्र एफ/२.८ पर्यंत लहान करावे. फ्लॅश मात्र वापरू नये. तो नटाच्या डोळ्यांवर येतो आणि मंचावरील प्रकाशयोजनेचा रंगच पुसून टाकतो.

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची निकॉन ५० मिमी एफ/१.८ एएफ-डी लेन्स घरात आहे. मी निकॉन झेड५० घेतला आहे. ती त्यावर चालेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : चालेल, पण थेट बसणार नाही आणि फोकस हाताने करावा लागेल. या लेन्सच्या, म्हणजे निकॉनच्या १९५९ पासूनच्या, एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आहे, तर आपल्या कॅमेऱ्याच्या, २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे; मधले ३०.५ मिमी निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर भरून काढतो. एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्यातील मोटरच्या दांड्याने फिरते, आणि अशी मोटर ना झेड५० मध्ये आहे ना त्या अडॅप्टरमध्ये. स्पष्ट भागाच्या कडा रंगवून दाखवणारी फोकस पीकिंगची सोय सुरू केली, तर स्थिर बसलेल्या माणसाचे चित्र हाताने सहज साधते. धावत्या मुलांसाठी मात्र या लेन्सवर अवलंबून राहू नये.

प्रश्न : जुनी लेन्स विकत घेताना बुरशी कशी ओळखावी? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : छिद्र पूर्ण उघडून लेन्सच्या एका टोकाने विजेरीचा झोत सोडावा आणि दुसऱ्या टोकाने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. धुळीचे चार कण चित्रात दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सौदा मोडू नये. बुरशीसाठी अवश्य मोडावा, कारण ती काचेवरील लेप खाते आणि साफसफाईनंतरही डाग राहू शकतो. घेतलेली लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आहे ना हे छोट्या आर्द्रतामापकावर पाहत राहावे, आणि जेलचे दाणे ओलावल्याचे दिसताच ते तापवून कोरडे करून घ्यावेत.