१९६९ची मस्टँग रिस्टोअर करायला घ्यावी का? केल्यावर लोक कशासाठी हळहळतात आणि समाधान कशाचं मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मिशिगनमध्ये राहता, दोन गाड्यांचं गॅरेज आहे, फोर्डची १९६९ची फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी) मस्टँग विकायला आली आहे, इंजिन ३५१ घन इंचाचं, बरीच वर्षं बंद पडून आहे. वेल्डिंग शिकायची तयारी आहे, पण शेवटी पस्तावायची वेळ येईल का, ही धास्ती आहे.

माझं मत आधीच सांगतो. या गाड्यांमध्ये पस्तावा येतो तो जवळजवळ नेहमी रंगाखाली झाकलेल्या पत्र्यामुळे आणि घाईने सुटी केलेल्या गाडीमुळे. समाधान मिळतं ते ब्रेक, स्टिअरिंग, दरवाजाची फट, कोरडं फ्लोअर अशा गोष्टींचं, ज्यांचे फोटो कोणी काढत नाही. पैसा मात्र लोक रंग आणि हॉर्सपॉवरवर ओततात.

गाडी बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९६९मध्ये एच म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं ३५१ (२५० हॉर्सपॉवर), एम म्हणजे चार बॅरलचं ३५१ (२९० हॉर्सपॉवर), क्यू आणि आर म्हणजे ४२८ कोब्रा जेट हे मोठं इंजिन. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ असेल तर गाडी तुमच्या शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये बनली. हा नंबर डॅशवर आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या फेंडर एप्रनवर (इंजिनाच्या बाजूच्या, चाकावरच्या पत्र्यावर) असतो. दोन्हीकडे एकच असायला हवा आणि कागदावरही तोच. १९६८पासून इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्सवरही त्याचा काही भाग ठोकलेला असतो. फोर्डच्या मूळ नोंदींवरून निघणारा मार्टी रिपोर्ट १९६७ आणि पुढच्या गाड्यांसाठी मिळतो, तो व्यवहाराआधी मागवा. साध्या फास्टबॅकवर मॅक १ या महागड्या मॉडेलचे पट्टे चिकटवून जास्त पैसे मागणारे विक्रेते भेटतात, आणि ही फसवणूक उघडकीला येते ती नंतर, गाडी विकताना.

आता गंज. बॉनेट आणि विंडशील्डच्या मधली जाळी बघा. तिच्या आत एक पन्हळ आहे, तिला काऊल म्हणतात. पावसाचं पाणी आणि पानांचा कचरा तिथे साचतो, हीटर आणि हवेच्या झडपांभोवतीचे उभे काठ कुजतात आणि पाणी थेट पायांखाली येतं. तपासायची रीत सोपी आहे: एकाने जाळीवर बादलीभर पाणी हळूहळू ओतायचं, दुसऱ्याने डॅशखाली टॉर्च घेऊन झोपायचं. थेंब दिसला तर समजा की काम मोठं आहे. फेंडर आणि विंडशील्ड काढायची, वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने कापायचे, आतला पत्रा बदलायचा, सगळं परत जोडायचं. गंज फक्त काठाला असेल तर प्लॅस्टिकची टोपी सीलंटने बसवून वेळ निभावते. पण ही गळती रंग झाल्यावर लक्षात आली तर गाडीचा पुढचा सगळा रंग पुन्हा करावा लागतो. रिस्टोअर केलेल्या मस्टँगची यापेक्षा मोठी हळहळ मला माहीत नाही.

त्यानंतर बॅटरीखालचा एप्रन (ॲसिडने खाल्लेला असतो), पुढच्या फ्रेम रेल, पायांखालचे टॉर्क बॉक्स (रेल आणि बॉडीची कड जोडणारे पेटीसारखे भाग), मागच्या चाकांमागचे पत्रे, डिकीचे कोपरे आणि लीफ स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे अडकतं तिथल्या रेल बघा. स्प्रिंगचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून इतका घट्ट बसतो की बहुतेक वेळा कापूनच काढावा लागतो. शॉक टॉवरला, म्हणजे पुढची स्प्रिंग ज्या उभ्या कप्प्यात बसते त्याला, तडे आहेत का तेही पाहा. जाड कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. रेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी आहे, त्यामुळे रेल कुजली तर गाडीचा आधारच गेला. ओहायो-मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर फिरलेली गाडी हजारो डॉलर स्वस्त मिळते आणि ते पैसे वेल्डिंगमध्ये जातात. ॲरिझोनाची गाडी महाग पडते, तिचं रबर आणि सीट उन्हाने करपलेले असतात, पण रबर आणि सीट बदलणं सोपं आहे.

गाडी घरी आली की पहिल्याच शनिवारी ती पूर्ण सुटी करण्याचा मोह टाळा. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांच्या जाहिराती वाचा: ‘सगळे भाग आहेत, फक्त जोडायचे’. जोडणी हाच कामाचा मोठा हिस्सा असतो. व्यावसायिक दर्जाचं पूर्ण रिस्टोरेशन हजार तासांच्या पुढे सहज जातं, तुम्ही ते नोकरी सांभाळून करणार. म्हणून आधी ब्रेक, इंधन आणि इग्निशन दुरुस्त करून गाडी अंगणात चालवण्याइतकी करा. त्यातून इंजिन आणि गिअरबॉक्सची खरी अवस्था कळते, आणि पुढे ती एकेका भागात घेता येते. सुटं करताना प्रत्येक बोल्टची पिशवी, पिशवीवर जागेचं नाव, आणि सुटण्याआधीचा फोटो. वर्षभराने आठवणीवर विसंबता येत नाही.

पत्रा कापण्यापूर्वी दरवाजे जागेवर हवेत, गाडी रेलखाली सपाट आधारांवर पेललेली हवी आणि फटी मोजून लिहिलेल्या हव्यात. साधारण ४-५ मिलिमीटरची एकसारखी फट हे उद्दिष्ट ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही फ्लोअर एकदम काढले की बॉडी पिळवटते आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. पातळ पत्र्याला ०.०२३ इंचाची मिग वायर वापरा, टाके लांब लांब ठिकाणी मारत जा, मधे गार होऊ द्या. सलग ओढलेली वेल्ड पत्र्याला लाटा आणते. बंद होणाऱ्या सांध्यांत वेल्ड-थ्रू प्रायमर, वर इपॉक्सी प्रायमर आणि सीम सीलर. छप्पर आणि बॉनेटवर सँडब्लास्टिंग करू देऊ नका, सपाट पत्रा ताणला जाऊन फुगतो आणि परत बसत नाही. पुट्टी ३ मिलिमीटरच्या आत.

मूळ भाग टाकून देण्याची घाई करू नका, ही सूचना मी सगळ्यांना करतो. या मॉडेलचं जवळजवळ सगळं नवीन मिळतं, अख्खी बॉडीसुद्धा, पण नवे फेंडर आणि बंपर मुळासारखे बसतीलच असं नाही. ठोकून सरळ करता येईल असा जुना फेंडर नव्यापेक्षा चांगला. रंगाआधी सगळे पत्रे, काचा, दिवे, पट्ट्या एकदा कोरड्या जोडून बघा आणि मग काढा. रंगवलेल्या पत्र्याला नंतर भोक वाढवणं म्हणजे तिथे गंजाला दार उघडणं.

रंगाबद्दल थोडंच. टू-के क्लिअरमध्ये, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या पारदर्शक थरात, आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. फिल्टरचा साधा मास्क लावून घरच्या गॅरेजात तो मारू नका, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, नाहीतर तयार बूथला काम द्या. आणि दर्जा आधी ठरवा. प्रदर्शनाच्या दर्जाचा रंग केलेले मालक पुढे खड्याच्या एका टवक्याच्या भीतीने गाडी बाहेर काढत नाहीत. हा पस्तावा खूप ऐकू येतो आणि तो टाळण्यासारखा आहे.

इंजिन बांधताना ३५१ विंडसर (१९६९चं ३५१ ते हेच) आणि फोर्डचंच लहान ३०२ यांची गल्लत होते. विंडसरचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-७-२-६-५-४-८ आहे, त्या काळच्या ३०२चा १-५-४-२-६-३-७-८. प्लग वायर चुकीच्या क्रमाने लागल्या की कार्ब्युरेटरमधून भडका येतो. मूळचा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) फ्लॅट टॅपेट आहे, म्हणजे त्यावर चपट्या तोंडाचे लिफ्टर घासत चालतात, आणि नवीन कॅम पहिल्या अर्ध्या तासात वाचतो किंवा मरतो. लॉबला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याला, तिरकस उतार आणि लिफ्टरच्या तोंडाला किंचित फुगवटा असतो. त्यामुळे लिफ्टर फिरतो आणि दोघे एकमेकांत बसतात. आयडलला लॉबवर ऑइल कमी उडतं, म्हणून सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. ऑइल जास्त झिंकचं, साधारण १,२०० पीपीएमच्या आसपास. आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं.

खरी गडबड मात्र त्याआधी होते. गाडी पटकन सुरू होत नाही, लोक स्टार्टर मारत राहतात आणि लॉबवरचं वंगण पुसलं जातं. म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून, ड्रिलला लावलेल्या लांब ५/१६ इंची सॉकेटने पंपाचा षट्कोनी दांडा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून ऑइल पंप भरा. हाताने क्रँक फिरवत प्रत्येक रॉकरला ऑइल पोचलेलं बघा. मग एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून टायमिंग बसवा, रेडिएटर भरा, कार्ब्युरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरा. एवढं झाल्यावरच किल्ली फिरवा. लॉब घासला गेला तर लोखंडाची बारीक पूड बेअरिंगपर्यंत जाते आणि सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागतं. हा धोकाच नको असेल तर रोलर कॅम घ्या, महाग आहे पण मी तोच सुचवेन.

कॅम मोठा घेण्याचा हट्ट करू नका. मोठ्या कॅमने आयडलचा व्हॅक्यूम घसरतो आणि ब्रेक बूस्टरला १६-१८ इंच व्हॅक्यूम हवा असतो. तो मिळाला नाही की सिग्नलला पेडल दगडासारखं कडक लागतं. हॉर्सपॉवरच्या नादात ब्रेक गमावलेल्या गाड्या अशाच तयार होतात. पुढे ड्रम असतील तर डिस्क लावा, पण ड्रमसाठीचा रेसिड्युअल व्हॉल्व (लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा) डिस्कच्या लाइनवर राहू देऊ नका, पॅड घासत राहतात. पुढची कॉइल स्प्रिंग काढायला चांगला कॉम्प्रेसरच वापरा. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो. अलाइनमेंट करताना फॅक्टरीचे आकडे बाजूला ठेवा, ते त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरला कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) अधिक २ ते ३ अंश आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंचित उणे दिला की हायवेवर गाडी भरकटणं थांबतं.

अजून एक सुरक्षेची गोष्ट: या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हेच डिकीचं फ्लोअर आहे, आणि डिकी व मागच्या सीटमध्ये बहुतेक गाड्यांत फक्त पुठ्ठा असतो. मुलं मागे बसणार असतील तर तिथे पोलादी पत्रा बसवाच, आणि थ्री-पॉइंट पट्टेही.

नवीन रंगानंतर विजेच्या तक्रारी सुरू होतात कारण रंग आणि पावडर कोटिंग अर्थिंग तोडतात. ब्लॉकपासून फायरवॉलपर्यंतची पट्टी विसरू नका, तिच्याखालचा रंग खरवडा. तापमान आणि पेट्रोलचे काटे एकदम टोकाला गेले तर सेन्सर बदलत बसू नका, डॅशमागचा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर अडकला आहे. हेडलाइटला रिले लावा, जुन्या स्विचमधून सगळा करंट वाहू देऊ नये.

समाधानाबद्दल विचारलंत, तर ते इथेच येतं. सकाळी गार इंजिन पहिल्या दोन फेऱ्यांत सुरू होणं, दरवाजा एका बोटाने ढकलल्यावर लागणं, मुसळधार पावसानंतर कार्पेट कोरडं असणं, ११० किलोमीटरच्या वेगाला हात हलके ठेवता येणं. बिघाड झाला तर तो नाकाने आणि कानाने ओळखता येतो आणि एका पेटीतल्या पान्यांनी दुरुस्त होतो. आजच्या गाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअर मंडळींना याचं विशेष अप्रूप वाटतं, आणि ते मला अगदी पटतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, १९९५पासून गाड्या निघतात. तिथे चकाचक गाड्यांइतकीच गर्दी रोज चालणाऱ्या, थोड्या खरचटलेल्या गाड्यांभोवती होते, आणि तिथले मालक अर्धा तास तुम्हाला काऊलबद्दल सांगतील.

पैशांचं स्पष्ट सांगतो: साध्या ३५१वर घातलेला खर्च विकताना बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर घेऊ नका. विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चाच, म्हणजे भरपाईची रक्कम आधीच ठरलेला, घ्या, ‘स्टेटेड व्हॅल्यू’मध्ये कंपनी कमी देऊ शकते. काम चालू असतानाही तो काढा आणि बिलं-फोटो जपा. मिशिगनची जुन्या गाड्यांसाठीची हिस्टॉरिक नंबर पाटी स्वस्त आहे, पण ती प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम आणि ऑगस्ट महिना यांपुरतीच. कामावर गाडी न्यायची असेल तर साधी पाटी हवी.

तुमच्या गाडीबाबत: पाचवं अक्षर एम असेल, काऊल कोरडा असेल आणि रेल ठणठणीत असतील तर बंद इंजिनाची भीती न बाळगता घ्या. एच असेल तरीही घ्या, फक्त भाव खाली आणा. काऊल आणि रेल दोन्ही गेले असतील तर फुकट मिळाली तरी सोडा. १९६९ साली जवळपास ३ लाख मस्टँग बनल्या, दुसरी मिळेल.