नॉमिनीविना सभासद जतन होतो, तेव्हा

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेसाठी मी जँगोमध्ये (पायथॉन भाषेतील वेब-फ्रेमवर्क) सभासद-नोंदणी तयार करीत आहे. सभासदाच्या फॉर्मखाली त्याच पानावर नॉमिनींच्या ओळी आहेत. नॉमिनीचे नाव आवश्यक ठेवूनही सर्व ओळी कोऱ्या सोडल्या तर सभासद जतन होतो. असे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाव आवश्यक ठेवल्याने ‘नॉमिनी भरलाच तर त्याला नाव हवे’ एवढेच जँगोला कळते, नॉमिनी असलाच पाहिजे, हे कळत नाही. इनलाइन फॉर्मसेटमधील (मुख्य फॉर्मखाली जोडलेल्या ओळींच्या संचातील) जादा ओळी (वेगळे न सांगितल्यास 3) कोऱ्या राहू शकतात असे गृहीत धरलेले असते आणि ज्या ओळीत काहीच भरलेले नाही, तिची तपासणी होत नाही.

यावर बरेच जण मिन_नम (किमान ओळींची संख्या) 1 करून थांबतात. नव्या सभासदाची पहिली ओळ कोरी राहिली की त्रुटी दिसते, त्यामुळे काम झाले असे वाटते. परंतु चिटणीसांनी जुन्या सभासदाचे पान उघडून त्याच्या एकुलत्या एका नॉमिनीपुढे ‘डिलीट’ची खूण केली आणि खालच्या ओळी तशाच सोडल्या, तर फॉर्म बिनतक्रार जतन होतो. म्हणून हा फॉर्मसेट बनवणाऱ्या इनलाइनफॉर्मसेट_फॅक्टरीला मिन_नमसोबत व्हॅलिडेट_मिन=ट्रू अवश्य द्यावे; मग एकूण ओळींतून कोऱ्या आणि काढून टाकलेल्या ओळी वजा करून उरलेली संख्या तपासली जाते. अ‍ॅडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांत) मात्र इनलाइनच्या क्लासमध्ये व्हॅलिडेट_मिन नुसते लिहून भागत नाही. गेट_फॉर्मसेट ही मेथड ओव्हरराइड करून ते सुपरकडे, म्हणजे मूळ क्लासच्या मेथडकडे, पाठवावे लागते.

नॉमिनींच्या हिश्श्यांची बेरीज 100 टक्के व्हावी, असा नियमही तुम्हाला लागेलच. तो बेसइनलाइनफॉर्मसेटपासून घेतलेल्या क्लासच्या क्लीन या तपासणीच्या मेथडमध्ये लिहावा. तेथे आधी सुपरचे क्लीन बोलवावे, कारण एकच नोंद दोनदा आली आहे का, हे तेच पाहते. बेरीज करताना ‘डिलीट’ची खूण असलेल्या ओळी आठवणीने वगळाव्यात, नाहीतर काढून टाकलेल्या नॉमिनीचा हिस्सा धरून 100 भरतील. हा नियम सभासदाच्या मॉडेलमध्ये ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा सभासद तपासला जात असताना त्याचे नॉमिनी डेटाबेसमध्ये आलेलेच नसतात.

व्ह्यूमध्ये (भरलेला फॉर्म स्वीकारणाऱ्या कोडमध्ये) सभासदाचा फॉर्म आणि नॉमिनींचा फॉर्मसेट या दोन्हींच्या इज_व्हॅलिड या तपासणीचे निकाल आधी वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यावेत. ते थेट ‘अँड’ने जोडल्यास सभासदाच्या फॉर्ममध्ये चूक असताना नॉमिनींचे इज_व्हॅलिड बोलावलेच जात नाही. दोन्ही जतन मात्र एकाच ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिकमध्ये करावीत, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही.