कॉस्टिकशिवाय साबण होत नाही, पण म्हणून सोडून देऊ नका

ताई, तुम्ही विचारलंय की घरात पाच वर्षांची मुलगी आहे, कॉस्टिक सोड्याची (सोडियम हायड्रॉक्साइड, अंगाला लागलं तर भाजतं) भीती वाटते, तर त्याच्याशिवाय साबण होईल का, आणि एवढा खटाटोप करून मिळतं काय. मी कुडाळला असते, गेली नऊ वर्षं आमच्याकडे घरचाच साबण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याचं उत्तर, नाही होत. तेल आणि कॉस्टिक एकमेकांत मिसळूनच साबण तयार होतो, सोबत ग्लिसरीन सुटतं. दुकानात सोप बेस मिळतो, वितळवून साच्यात ओतायचा, त्यात हे काम कारखान्यातच उरकलेलं असतं. मुलीला सोबत घेऊन काही करायचं असेल तर तो बेस आणा, मजा येईल तिला. पण तेलापासून करायचा तर कॉस्टिक लागणारच, आणि नीट मोजलं तर तयार वडीत ते शिल्लक राहत नाही.

नीट मोजलं तर, हे महत्त्वाचं. वाटी-चमच्याचं काम नाही हे, एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि तेलंसुद्धा मिलीत नाही, ग्रॅममध्येच मोजा. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, खोबरेलाच्या १ ग्रॅमला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याच्या तेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. माझं नेहमीचं माप सांगते: खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २००, एरंडेल ५०. हिशोबाने कॉस्टिक येतं ७९, त्यातलं पाच टक्के कमी करायचं म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही, म्हणून घ्यायचं ७५ ग्रॅम आणि पाणी १५०. यातलं एक जरी तेल बदललंत तर सगळा हिशोब परत करायचा, अंदाजाने अजिबात नाही. आणि कॉस्टिक केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या, तुंबलेलं सिंक साफ करायची पावडर चालत नाही.

कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. पाणी बघता बघता ८० अंशांच्या वर जातं आणि घसा धरणारी वाफ येते, म्हणून मी हे मागच्या पडवीत करते, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं, व्हिनेगर वगैरे लावत बसू नका, आणि डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन थेट दवाखाना. मुलगी त्या वेळी घरात नकोच, आजीकडे पाठवा किंवा बाबाबरोबर बाहेर.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी घाईत जर्मनचं पातेलं घेतलं. ॲल्युमिनियमशी कॉस्टिकचं वैर, कॉस्टिकचं पाणी ओतल्याबरोबर फसफसून वर आलं, पातेलं काळं पडलं, आणि त्यातून जो वायू सुटतो तो हायड्रोजन, म्हणजे गॅस शेगडीजवळ असते तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. स्टीलचंच घ्या, आणि ते भांडं, काटा, रवी सगळं साबणापुरतं वेगळं ठेवा.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४० अंशांच्या आसपास आलं की मिसळायचं. हँड ब्लेंडरने पाच मिनिटांत दाट होतं, मी मात्र रवीने घुसळते, पाऊण तास तरी लागतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं त्या पाऊण तासातच आहे. रविवारची दुपार, जेवणं झालेली, सासूबाई पेढ्यांच्या खोक्याला आतून बटर पेपर लावत बसतात आणि त्यांच्या लहानपणी राखेच्या पाण्यात कपडे कसे भिजवायचे ते सांगतात, दर वेळी काहीतरी नवीन आठवतं त्यांना. मोबाईल घ्यायला हात मोकळा नसतो. मिश्रण धिरड्याच्या पिठाएवढं झालं की रवीची ओळ वर उमटून राहते, तेव्हा खोक्यात ओतायचं, टॉवेलमध्ये गुंडाळायचं, दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या पाडायच्या. १०० ग्रॅमच्या सात होतात.

रंगाला चिमूटभर हळद टाकून बघा, मिश्रण एकदम लालसर होतं! हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तेच हे, आणि वाळता वाळता ते केशरी-पिवळ्यावर येतं. वासाला मी वाळ्याचं तेल घालते, १० ग्रॅम पुरे.

मग सहा आठवडे वाट बघायची. आमच्याकडे वड्या बांबूच्या रोवळीत ठेवतो, खालून वारा लागतो, तीन-चार दिवसांनी उलटायच्या. अनंत चतुर्दशीला केला की नरक चतुर्दशीपर्यंत बरोब्बर दीड महिना होतो, म्हणून आमचा दिवाळीच्या अभ्यंगाचा साबण गणपती गेले की त्याच दिवशी घातला जातो, आता ती रीतच झालीय घरात, भाऊबीजेला नणंदा हक्काने दोन-दोन घेऊन जातात. पैसे वाचवायला करायचा असेल तर करू नका, घाण्याच्या तेलाचा भाव बघता मुळीच वाचत नाहीत.

कोकणात भर पावसात मी करत नाही. एका जुलैत सूर्यफुलाचं तेल जास्त घालून केला होता, वड्यांवर केशरी ठिपके आले आणि खवट वास सुटला, पूर्ण घाणा गेला. ते तेल लवकर खवट होतं, दमट हवेत तर आणखीनच. कॉस्टिकही हवेतलं पाणी ओढून घेतं, मग वजन चुकतं. म्हणून घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, वर ठळक लिहून, कुलपात ठेवा. साखर-मिठाच्या फळीवर चुकूनसुद्धा नाही.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर तेही कळवा, खोबरेल थोडं वाढवून माप करून देते, त्याचा फेस तसल्या पाण्यातही येतो.