इंजिनिअरिंगला ग्रुप प्रोजेक्टमधून खरंच शिकायला मिळतं, की एकट्याने विषय पक्का केलेला बरा?

प्रश्नासोबत तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात असं लिहिलंय, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला वेळ आहे. आधी एकट्याने विषय पक्का करा. ग्रुपचं नंतर बघू.

आमचा बीईचा प्रोजेक्ट म्हणजे मोबाइलवरून शेतातला पंप चालू-बंद करणं. रोल नंबरप्रमाणे पाडलेला चौघांचा ग्रुप. एकाकडे पीपीटी, एकाकडे ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट), तिसरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणणार आणि सर्किट-प्रोग्रॅम माझ्या गळ्यात, कारण ‘तुला जमतं ना’. मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग, म्हणजे जीएसएम मॉड्यूल, सुरू व्हायचं आणि नेटवर्क पकडायला गेलं की बंद पडायचं. तिघांचं एकमत, पीसच खराब आहे, नवीन आणू. मी त्याची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) घेऊन बसले. सिग्नल पाठवताना ते मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट खेचतं. आमच्या सप्लायला ते झेपत नव्हतं, व्होल्टेज बसायचं आणि मॉड्यूल मान टाकायचं. दणकट रेग्युलेटर लावला, क्षणभराचा जादा करंट पुरवायला मॉड्यूलला अगदी चिकटून मोठा कपॅसिटर सोल्डर केला, वायरी आखूड केल्या. मग कुठे मिस्ड कॉलवर पंपाचा स्विच, म्हणजे रिले, टक्कन वाजला.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी (एक्स्टर्नल) नेमकं त्याच कपॅसिटरवर बोट ठेवलं. ‘हा कशाला?’ विचारलं पीपीटीवाल्याला. तो ठणकावून म्हणाला, ‘सर, सेफ्टीसाठी.’ तेवढ्यात चहा आला, विषय संपला. चौघांना सारखे मार्क. गाईडकडे गेले तर म्हणाले, ‘टीमवर्क असंच असतं, इंडस्ट्रीत गेलीस की कळेल.’

गेले इंडस्ट्रीत. आता फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू मी घेते. ‘आम्ही हे केलं, आम्ही ते केलं’ सुरू झालं की विचारते, यातलं तू काय केलंस? बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

एकत्र शिकण्याला माझा विरोध नाही, वाटणीला आहे. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मॅझूर १९९० च्या दशकापासून वर्गात मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावतात, पण त्याआधी प्रत्येकाला स्वतःचं उत्तर द्यावं लागतं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली तरच चर्चा. त्याहून कमी असतील तर सर पुन्हा शिकवतात, कारण कोणालाच येत नसेल तर चर्चा कसली करणार? २०१५ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांचं ‘मिळून प्रश्न सोडवणं’ तपासलं, तेव्हाही गणित-विज्ञान-वाचनात पुढे असलेलीच मुलं साधारणपणे इथेही पुढे होती. (जोडीदार म्हणून कॉम्प्युटरमधली पात्रं होती, त्यामुळे पीपीटीवाला भेटण्याची भीती नव्हती!)

हं, एक मात्र खरं. मराठी माध्यमातून आलेली, वर्गात तोंड न उघडणारी मुलं चार मित्रांत धडाधड शंका विचारतात. तुमचं तसं असेल तर ग्रुप सोडू नका. आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं गणित वेगळं असेल, मी हार्डवेअरची.

प्रोजेक्टच्या वेळी ब्लॅक बुकमध्ये कुठला भाग कोणी केला हे नावानिशी लिहा. गाईडकडे प्रत्येकाचे वेगळे मार्क मागा, तेही लेखी. ते ‘टीमवर्क’ म्हणाले, तर त्याच प्रोजेक्टवरच्या रिसर्च पेपरवर पहिलं नाव कोणाचं जाणार ते आत्ताच विचारून घ्या. आमच्या पेपरवर त्यांचं होतं.