गेमिंगसाठी साउंड कार्ड घेण्याआधी हेडफोन बघ
आधी तुझ्या हेडफोनचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध) बघ. ३२ ओहमच्या आसपास असेल तर मदरबोर्डचा ऑडिओ बहुतेक वेळा पुरतो. २५०-३०० ओहमचा असेल तर मात्र बऱ्याचदा वेगळा अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर) लागतो. माउस हलवला की कानात किरकिर येते का? मग कॅबिनेटमधल्या कार्डाच्या नादी लागू नकोस, यूएसबी डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी, बाहेरून जोडायची छोटी डबी) घे. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत स्लॉटच्या पिना लवकर काळवंडतात. डॅक निदान काढून, पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवता येतो. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घे, नाहीतर हमिंग नव्या डॅकमधूनही ऐकू येईल. ७.१ (चहूबाजूंनी आवाज येतोय असं वाटायला लावणारा सराउंड) साठी जादा पैसे देऊ नकोस. हेडफोनवर तसाच सराउंड देणारी विंडोजमधली सोय, विंडोज सोनिक, फुकट आहे, आणि गेममधल्या शत्रूच्या पावलांची दिशा चांगल्या स्टिरिओतही कळते. वाचलेले पैसे हेडफोनमध्ये घाल.